गडगडाट : ढगांचा, दगडांचा आणि केळीच्या भावाचा

गिरणाकाठ

सर्वांस नमस्कार. माझी भाची पाचोऱ्याला आठवीत शिकते. पावसाळ्यावरच्या निबंधात तिने 'विजेचा गडगडाट झाला' असे लिहिले, तर बाईंनी 'गडगडाट' हा शब्द खोडून त्याच्या डोक्यावर तांबड्या शाईने 'कडकडाट' लिहिले. पोरीचे म्हणणे असे की, त्या संध्याकाळी आवाज आला तो लांबून आला, बराच वेळ चालला आणि गडगडल्यासारखाच होता. मग शब्द चुकला कुठे? तिला उत्तर देता देता माझ्याच मनात शंका वाढत गेल्या, म्हणून हा धागा काढतो आहे.

मोठ्या आणि खोल आवाजांसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. गडगडाट, गर्जना, दणदणाट, धडधडाट, घणघणाट असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो आणि कुठे कोणता बसतो हे कोणी न शिकवता आपल्याला कळते. त्यांतल्या गडगडाटाची नेमकी हद्द कोणती, तो ढगाचाच का आणि विजेचा का नाही, आणि ढगाचा हा शब्द दगडाला व बाजारभावाला कसा लागू झाला, यावर जाणकारांनी लिहावे. खानदेशातल्या बोलींमध्ये हा शब्द कसा वावरतो, हेही वाचायला आवडेल.

अमळनेरकर

गिरणाकाठ, विषय उत्तम काढलात. बाईंची दुरुस्ती रूढीला धरून आहे, कारण लिखित मराठीत 'ढगांचा गडगडाट' आणि 'विजेचा कडकडाट' या जोड्या पक्क्या ठरलेल्या आहेत आणि हवामानाच्या बातम्यांतही 'विजांच्या कडकडाटासह पाऊस' असेच छापून येते. परंतु भाचीने ऐकलेला आवाज खरोखर गडगडाटाचा असेल, तर खोडायचा शब्द 'विजेचा' हा होता. त्या जागी 'ढगांचा' लिहिले असते तर वाक्यही शुद्ध झाले असते आणि तिने ऐकलेलेही तसेच राहिले असते.

आता शब्दाच्या घडणीकडे पाहू. 'गडगड' या दुहेरी ध्वनीला 'आट' लागून गडगडाट झाला. हा 'आट' मराठीत मोठा कामाचा प्रत्यय आहे. तो लागला की फुटकळ आवाजाचा कल्लोळ होतो. पानांची फडफड होते आणि थव्याचा फडफडाट होतो. हा प्रत्यय आवाजापुरताच थांबत नाही, कारण लखलखाट आणि झगमगाट हे डोळ्यांचे शब्दही त्यानेच बनतात.

पण खरी गंमत पहिल्या अक्षरात आहे. कडकड आणि गडगड यांत फरक फक्त 'क' आणि 'ग' यांचा. 'क' उच्चारताना कंठातल्या स्वरतंतूंना कंप नसतो आणि 'ग' उच्चारताना तो असतो. गळ्यावर बोट ठेवून दोन्ही अक्षरे म्हणून पाहावीत, लगेच कळेल. हाच भेद इतर जोड्यांतही दिसतो. नाणे खणखणते आणि देवळातली मोठी घंटा घणघणते. ओढा खळखळ वाहतो आणि भरल्या हंड्याचे पाणी घळघळ सांडते. वरचे, कोरडे, तुटक आवाज क, ख, ट, ठ यांच्या वाट्याला गेले आणि खालचे, भरीव, लांबणारे आवाज ग, घ, ढ, ध यांच्या वाट्याला आले. नियम शंभर टक्के पाळला जात नाही, कारण छातीतली धडधड काही मोठा आवाज नव्हे. पण ती खालच्या पट्टीतली आहे, एवढे तरी खरे.

ध्वनिवेडा

अमळनेरकरांनी अक्षरांबद्दल जे सांगितले, त्याला भौतिकशास्त्राचा चांगला आधार आहे, तो इथे मांडतो.

कडकडाट आणि गडगडाट हे दोन वेगळे स्रोत नाहीत. दोन्ही आवाज विजेचेच. वीज ज्या वाटेने जाते, तिथली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या साधारण पाचपट. ती हवा इतक्या झपाट्याने फुगते की तिच्यातून धक्कालहर निघते आणि तीच लहर पुढे ध्वनी होऊन आपल्या कानावर येते. ढग स्वतः काहीच गडगडत नाही.

मग कधी कडकडाट आणि कधी गडगडाट असे का? पहिले कारण अंतर. हवेतून जाताना उंच पट्टीचे ध्वनी लवकर शोषले जातात आणि खालच्या पट्टीचे दूरवर टिकतात. वीज शेजारच्या शेतात पडली, तर सगळ्या पट्ट्या एकदम येतात आणि आवाज फाडल्यासारखा, तुटक व तीक्ष्ण लागतो. तीच वीज आठ-दहा किलोमीटरवर पडली, तर वरच्या पट्ट्या वाटेतच गळतात आणि उरतो तो फक्त खर्ज. दुसरे कारण विजेच्या वाटेची लांबी. ही वाट कित्येक किलोमीटर लांब आणि वाकडीतिकडी असते. ध्वनी एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे वाटेच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो आणि दूरच्या टोकाचा काही सेकंदांनी. एका क्षणात झालेली घटना कानाला मात्र लांबलचक आणि चढउतारांची ऐकू येते. डोंगराळ मुलखात कड्यांवरून परतणारा प्रतिध्वनी त्यात भर घालतो.

म्हणजे भाचीने दूरची वीज ऐकली होती. 'विजेचा गडगडाट' हे शास्त्राच्या अंगाने शंभर टक्के खरे विधान आहे; रूढीच्या अंगाने काय ते तुम्ही ठरवा.

जाता जाता एक उपयोगाचे सांगतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद तीसच्या आत असतील, तर शेतात थांबू नये आणि झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावरही अर्धा तास आडोशालाच राहावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते, ते शेतकऱ्यांनी मोबाईलवर जरूर ठेवावे.

तांबडी माती

ध्वनिवेडा, ढग गडगडत नाही हे मान्य, पण भाषेने तो ढगाच्या नावावर लिहिला यामागेही अनुभव आहे, असे मला वाटते. जवळची वीज डोळ्यांना दिसते, म्हणून आवाज तिचा. दूरची वीज पुष्कळदा ढगाच्या पोटातच चमकते आणि दिवसा तर दिसतही नाही. दिसतो तो काळा ढग, म्हणून आवाज त्याचा. भाषेने ज्याला पाहिले त्याच्या नावावर आवाज चढवला.

साक्रीची लेक

अहिराणीतले थोडे सांगते. आमच्याकडे 'ळ' चा 'य' होतो, त्यामुळे आभाळाचे आभाय होते. 'आभाय गडगडी ऱ्हायनं' म्हणजे आभाळ गडगडते आहे, आणि 'ईज कडकडनी' म्हणजे वीज कडाडली. आभाय गडगडते आणि ईज कडकडते, हा भेद बोलीतही तितकाच काटेकोर आहे. तो पुस्तकातून आलेला नाही हे यावरून दिसते, कारण माझी आजी शाळेत गेलेली नव्हती आणि तिच्या तोंडी तो चुकत नसे.

बोलीतला वापर ऋतूशीही जोडलेला आहे. मृगाच्या आधीचा वळीव गडगडत येतो आणि हत्ती नक्षत्रातला परतीचा पाऊसही गडगडत येतो. श्रावणात जी झड लागते, ती मात्र मुकी असते. दोन-दोन दिवस पाणी झिरपत राहते, पण आभाळातून आवाज येत नाही. त्यामुळे आमच्या घरात नुसत्या गडगडाटावरून म्हातारी माणसे पावसाची जात सांगत. 'गरजेल तो पडेल काय' ही म्हण आपण बोलघेवड्या माणसाला लावतो, पण साक्रीच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांत ती आधी शब्दशः ढगाला लावली जाते. मे महिन्यात तासभर आभाळ गडगडते, धूळ उडते, चार थेंब टिपकतात आणि सगळे पांगते. अशा वेळी कोणी कोणाला टोमणा मारत नसतो. तो निव्वळ हवामानाचा अहवाल असतो.

दादा, आणखी एक. अहिराणीत 'दगड गडगडत उना' असेही म्हणतात. तिथे आवाज मुख्य की लोळणे मुख्य, हे मला कधीच नीट सांगता आलेले नाही.

घाटवाट

साक्रीच्या ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. माझे गाव चाळीसगावकडचे, त्यामुळे कन्नड घाटातून येणेजाणे नेहमीचे. पावसाळ्यात घाटात दरडीचा दगड सुटला की प्रथम वरच्या अंगाला एक ठोका ऐकू येतो, मग थोडी शांतता, मग लागोपाठ ठोके, आणि दगड जसा वेग घेतो तसे ते ठोके एकमेकांत मिसळून एकच सलग आवाज होतो. त्या सलग आवाजालाच गडगडाट म्हणतात, पहिल्या सुट्या ठोक्यांना नाही. शेवटी दगड संरक्षक भिंतीवर आदळतो, तेव्हा 'धाड' असा वेगळाच शब्द लागतो.

यावरून मला गडगडाटाची एक खूण अशी वाटते की, त्यात ठोके मोजता येत नाहीत. मोजता आले तर तो दणदणाट किंवा धडधडाट. तापीच्या पुलावरून भुसावळकडे मालगाडी जाते, ती धडधडत जाते, कारण चाकांचा ठेका कानाला धरता येतो. रिकामी बैलगाडी खडखडते, कारण तिचे लाकूड-लोखंड सुटे सुटे वाजते. एखादा रिकामा पिंप मात्र उतारावरून सोडला तर तो गडगडतच जातो.

लोळणे आधी की आवाज आधी, या प्रश्नाचे उत्तर मला वाटते ते असे: या मुलखात जड गोल वस्तू आवाज केल्याशिवाय लोळतच नाही, त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच शब्दात राहू शकले. पुढे मग आवाज नसला तरी शब्द चालू लागला. लिंबू टेबलावरून गडगडत जाते, असे आपण सहज म्हणतो, आणि लिंबाचा कसला आला आहे गडगडाट! म्हणूनच क्रियापद 'गडगडणे' लिंबाला चालते आणि नाम 'गडगडाट' चालत नाही. नामाने आवाज सोडलेला नाही, क्रियापदाने सोडला आहे.

गिरणाकाठ

घाटवाट, नाम आणि क्रियापद यांतला हा भेद फार नेमका सांगितलात. त्याच धाग्याने विचारतो की, 'भाव गडगडले' असे आपण म्हणतो, 'भावाचा गडगडाट झाला' असे मात्र कोणी म्हणत नाही, याचेही कारण हेच असावे ना? आणि मुळात गडगडले, घसरले, कोसळले हे सारखेच की त्यांत डावे-उजवे आहे?

अमळनेरकर

कारण तेच. बाजारभावाला लोळण घेणारे क्रियापद मिळाले, आवाजाचे नाम मिळाले नाही.

पण आवाजाचे शब्द उतरत्या कळेला लावण्याची मराठीला एकूणच हौस आहे. तिजोरीत खडखडाट होतो, कारखान्याला घरघर लागते आणि भाव गडगडतात. एकाच बातमीत हे तिन्ही सापडले तरी कोणाला नवल वाटत नाही. यांतली घरघर आपल्या भागात दोन तऱ्हांनी ओळखीची आहे. लेवा बोलीत जात्याला घरोट म्हणतात आणि त्याच्या फिरण्याचा आवाजही घरघरीचाच. तोही खर्जातला, पण लहान. तीच घरघर माणसाच्या घशाला लागली की शेवट जवळ आला असे समजतात, आणि कारखान्याला लागलेली घरघर ही जात्याची नसून घशाची आहे.

कडकड मात्र या वाटेने गेली नाही. कडकडीत ऊन, कडकडीत बंद, कडकडून भूक, कडकडून मिठी; सगळीकडे ती तीव्रता दाखवते, पडझड नाही. आवाजातला हा उंच-खोल भेद लाक्षणिक अर्थांतही टिकून राहिलेला दिसतो.

तांबडी माती

'खडखडीत बरा झाला' याचे काय करायचे, अमळनेरकर? तो खडखडाट तिजोरीतला नाही.

अमळनेरकर

बरोबर आहे. आणि त्याचा शेजारी 'ठणठणीत' हाही त्याच गोटातला. मात्र 'घरात ठणठणाट आहे' म्हटले की पुन्हा रिकाम्या भांड्यापाशी येतो. भरीव, चांगले भाजलेले मडके वाजवले की ठणठणीत वाजते, म्हणून प्रकृतीला तो शब्द. आणि रिकामे भांडेही ठणठणच वाजते, म्हणून दारिद्र्यालाही तोच. 'ईत' लागला की गुण आणि 'आट' लागला की उणीव, असे निदान या दोन शब्दांपुरते म्हणता येईल. गडगडाटाला असे विशेषण मिळालेच नाही. 'गडगडीत' असा शब्द नाही, आहे तो 'गडगडाटी', आणि तो हसण्याला लागतो. हसणेही पोटातून, खर्जात आणि सलग आले तरच. खुदकन किंवा खळखळून हसणाऱ्याला गडगडाटी म्हणत नाहीत. टाळ्यांचा कडकडाट आणि हास्याचा गडगडाट, या दोन्हींची अदलाबदल करून पाहा, लगेच कानाला खटकेल.

धडगावची वाट

ढोलाबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नंदुरबारच्या सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर मोठमोठे ढोल वाजतात, कमरेला घुंगरू आणि भोपळे बांधलेले, अंगावर नक्षी रेखलेले पुरुष नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. दरवर्षी वर्तमानपत्रात एक तरी मथळा 'ढोलांच्या गडगडाटात' असा येतो आणि मला तो दरवर्षी खुपतो.

ढोलाचा आवाज मोठा आहे, खर्जातला आहे, छातीत जाणवणारा आहे. म्हणजे गडगडाटाच्या तीन अटी तो पुऱ्या करतो. पण घाटवाट यांची चौथी अट तो पाळत नाही. ढोलाचा ठोका मोजता येतो. किंबहुना मोजता येतो म्हणूनच पावले पडतात. हाताने वाजणारा, तालात बांधलेला आवाज गडगडाट होऊ शकत नाही, तो दणदणाट. आणि दऱ्यांतून तोच आवाज लांबून ऐकला, तर आम्ही म्हणतो की ढोल घुमतो आहे. घुमणे म्हणजे आवाज मोठा असणे नव्हे. एखाद्या पोकळीत आवाज अडकून फिरत राहणे हे घुमणे. त्यामुळे दरीत ढोल घुमतो, वळचणीला पारवा घुमतो, आणि डोंगऱ्या देवाच्या उत्सवात अंगात वारे आलेला माणूसही घुमतो. त्या तिसऱ्या घुमण्यात आवाजाबरोबर अंगाचे डोलणे आले. गडगडण्यात जसे लोळणे मिसळले, तसे घुमण्यात डोलणे मिसळले आहे.

गर्जनेचे तर वेगळेच. गर्जनेला तोंड लागते. सिंहाची गर्जना, नेत्याची गर्जना, जयघोषाची गर्जना. ढगाला मेघगर्जना दिली, ती त्याला सजीव मानून. दगडाला कोणी गर्जना देत नाही.

ध्वनिवेडा

लग्नाच्या वरातीतला डीजे कुठे बसवायचा? आवाज खर्जातलाच, खिडक्यांची तावदाने थरथरतात.

धडगावची वाट

दणदणाटात. समोर असताना ठोके मोजता येतात. वरात दोन गल्ल्या पलीकडे गेली की भिंती वरच्या पट्ट्या अडवतात आणि नुसता 'धम् धम्' उरतो. तरीही ताल उरतोच. नाइलाजाने ऐकणाऱ्यासाठी भाषेत आणखीही शब्द आहेत, ते इथे लिहीत नाही.

नवती

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. माझे टोपणनावही केळीच्या बागेवरूनच घेतले आहे. गिरणाकाठ यांनी गडगडले, घसरले, कोसळले यांतला भेद विचारला होता, त्यावर अनुभवातून लिहितो.

आमच्या भागात केळीचा भाव ठरताना बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे लक्ष असते. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा मालाच्या प्रतवाऱ्या निघतात आणि प्रत्येकीचा भाव निराळा लागतो. क्विंटलमागे थोडाबहुत भाव उतरला तर तो घसरला. एकदम मोठी आवक आली, उत्तरेकडची मागणी थांबली आणि एका दिवसात भाव निम्म्यावर आला तर तो कोसळला. आणि आज थोडा, उद्या थोडा, परवा आणखी, असा आठवडाभर दर लिलावाला खालीच जात राहिला आणि कुठे थांबेल याचा अंदाज येईना, तर तो गडगडला. घाटवाट यांनी दगडाचे जे वर्णन केले आहे, तेच इथे घडते: पहिल्या घसरणीत कोणी घाबरत नाही, पुढे घसरण वेग घेते. बातमीदार हा भेद नेहमी पाळतात असे नाही, मथळ्यात कोणता शब्द मावतो यावर पुष्कळसे ठरते, पण बागायतदार आपसात बोलताना बहुधा पाळतात.

याउलट भाव चढताना आवाजाचा शब्द सापडत नाही. भाव वधारतात, चढतात, कडाडतात. कडाडणे हा एवढाच काय तो आवाज, आणि तोही विजेच्या घरातला.

साक्रीची लेक

नवती भाऊ, हे फारच छान. म्हणजे विजेचा शब्द भाव चढायला आणि ढगाचा शब्द भाव उतरायला! एक विचारते, प्रत्यक्ष लिलावात, बोली चाललेली असताना, व्यापारी 'गडगडला' म्हणतात का?

नवती

नाही, ताई. लिलावात 'भाव पडला' एवढेच म्हणतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाला समोरचा आकडा तेवढा ऐकायचा असतो, आणि आकडा एका दिवसाचा असतो. 'गडगडले' हा शब्द संध्याकाळी घरी, पारावर किंवा पेपरात येतो, जेव्हा मागच्या सात-आठ दिवसांचे आकडे एका दमात सांगायचे असतात. माल विकून मोकळा झालेला आणि बाग अजून कापायची राहिलेली, असे दोघे समोरासमोर बसले, तर तो शब्द बहुधा दुसऱ्याच्या तोंडून आधी निघतो.

गिरणाकाठ

भाचीला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिने निबंधात आता 'दूरवर ढगांचा गडगडाट झाला' असे लिहिले आहे आणि 'दूरवर' हा शब्द स्वतःहून घातला आहे. बाईंना दाखवायला वही सोमवारी जाईल. तोवर कोणाकडे 'गडगडी' या शब्दाबद्दल काही असेल तर लिहावे. विहिरीवरच्या कप्पीला मुक्ताईनगरकडचे जुने लोक गडगडी म्हणत, असे आमच्या शेजारचे एक नाना सांगतात. ती दोर ओढताना फिरते म्हणून तिला हे नाव, की वाजते म्हणून?

घाटवाट

तेल घातलेली कप्पी वाजत नाही आणि तरीही तिला गडगडीच म्हणत असतील, तर नाव फिरण्यावरून. नानांना तेवढे विचारून पाहा.